पट्टीखालची तीन भोकं

मी खोगीर शिवते. खोगीर, लगाम, तंग, घोड्याच्या अंगावर चामड्याचं जे जे चढतं ते सगळं. तीस वर्षं झाली, आणि माझा टाका कुणी उसवून दाखवला तर मी दुकानाला कुलूप लावेन. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी अक्कल शेण खायला गेली होती, पण हात चुकला नव्हता. चुकला असता तर बरं झालं असतं.

आमची ठकी घोड्यावर बसते. ठकी म्हणजे माझी मुलगी. चोवीस वर्षांची झालीय, "आई, लोकांसमोर ठके म्हणू नकोस" म्हणून दर वेळी डोळे वटारते. तिचा खेळ ड्रेसाज. शर्यत नाही, उड्या नाहीत. वाळूच्या रिंगणात संगीत लावतात, घोड्याने जागच्या जागी ठेक्यात पाय उचलायचे, तिरकं चालायचं, गिरकी घ्यायची, आणि वर बसलेल्याने आपण काहीच करत नाही असा चेहरा ठेवायचा. घोड्याची मान कमानीसारखी हवी आणि तोंड मिटलेलं. तोंड उघडलं की गुण कापतात, कारण तोंड उघडणं म्हणजे घोडा तक्रार करतोय असं धरतात. आता तक्रार मिटवायची की नुसतं तोंड मिटवायचं, हा प्रश्न मला फार आधी पडायला हवा होता.

तोंड मिटवायला नाकपट्टी असते. ती नाकाच्या हाडावरून जाते आणि जबड्याखाली बकलात अडकते. पट्टी आणि हाड यांच्यात दोन बोटं गेली पाहिजेत, असा नियम आहे. फेरी संपवून घोडा बाहेर आला की फाटकाशी तपासनीस उभा असतो. त्याच्या हातात दोन बोटांच्या मापाची प्लास्टिकची पाचर. ती आत सरकली की घोडा पास.

चार वर्षांपूर्वी ठकीचे सर माझ्या दुकानात आले. म्हणाले, "नाकपट्टीचं वरचं बकल नेहमीसारखंच राहू दे. पण जबड्याखालच्या मऊ गादीत आणखी एक बारीक पट्टी बसवा. तिला तीन भोकं पाडा. बाहेरून दिसता कामा नये, आणि एका हिसक्यात सुटली पाहिजे."

"कशाला?" मी विचारलं.

"बाई, एवढं नाजूक काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार आहे?"

झालं! त्यांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी चढले. पट्टी शिवून झाल्यावर मीच तिच्याकडे कौतुकाने बघत बसले होते. वर्षभरात बाकीच्या तबेल्यांतूनही माणसं आली, तशाच पट्ट्या मागू लागली. चौदा शिवल्या. मला काही ठाऊकच नव्हतं असं म्हणणार नाही. विचारलं नाही, एवढंच. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं, आणि माझ्या दुकानात कातड्याला काय तोटा.

यंदा निवड चाचणीला आठ दिवस होते. देशाच्या संघात चार जण घेणार होते, आणि ठकी पहिल्या चारांत बसेल असं सगळेच म्हणत होते. तेव्हा मोतद्दार ठकीच्या घोड्याची, काजळ्याची, पट्टी घेऊन आला. काजळ्या ठकीचा स्वतःचा, शिंगरू असताना आणलेला. डोळ्यांभोवती काळी कड म्हणून काजळ्या. पट्टीसोबत सरांची चिठ्ठी होती: आत आणखी एक भोक हवं.

मी गादी उलटली आणि आतलं शेवटचं भोक बोटाने चाचपलं. मी गोल पाडलं होतं. ते लांबट झालं होतं, जवळजवळ दीडपट. ते चामडं मी स्वतः निवडलेलं, पाठीचं, जाड. ते असं सहजासहजी ताणत नाही. कुणीतरी रोज, जीव खाऊन, आतून जबडा रेटला तरच ताणतं. गादीच्या आतल्या अंगाला लाळ वाळून पापुद्रा धरला होता आणि त्यात तांबूस रेघ होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कुणावर ते मात्र नीट कळेना.

अंगातला एप्रन तसाच ठेवून मी तबेल्यावर गेले. सराव मी कधीच बघितला नव्हता. घरचे आले की मुलांचं लक्ष उडतं असं सर म्हणायचे, आणि मला दुकान सोडवत नसे. मी कुंपणाबाहेर उभी राहिले. काजळ्याची हनुवटी छातीला चिकटली होती. त्याला स्वतःच्या पुढच्या पायांखेरीज काही दिसत नसणार. सर मध्ये उभे राहून म्हणत होते, "धर. तशीच धर. सोडू नकोस." काजळ्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून जिभेचा शेंडा बाहेर आला होता आणि तो जांभळा पडला होता. भिंतीवर घड्याळ होतं, त्यात मी बघितलं. सोळा मिनिटं. एकदा त्याने मान झटकली तेव्हा दोन्ही टाचांचे काटे त्याच्या पोटात बसले. ते काटे माझ्या मुलीच्या पायात होते, आणि तिचा चेहरा, काय सांगू, अगदी शांत होता.

नंतर ती त्याच्या पायांवर पाणी मारत होती तेव्हा मी तिला गाठलं.

"आई? तू इथे कशी?"

"त्याची जीभ बघितलीस?"

"होतं तसं. सोडलं की रंग परत येतो."

"तुझी दाबू का अशी सोळा मिनिटं? सोडली की रंग परत येईल."

"आई, प्लीज." तिने नळ बंद केला. "बारा वर्षं मी ह्यासाठी घालवलीयत. सगळे हेच करतात. मी एकटीने सोडलं तर काजळ्या तोंड उघडणार, आणि संघात दुसरी कुणीतरी जाणार, जी आपल्या घोड्याला ह्याहून जास्त आवळते. मग कुणाचं भलं झालं?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती.

तेवढ्यात सर आले. "काय बाई, झाली का पट्टी?"

"नाही. आणि होणारही नाही."

ते हसले. "हरकत नाही. जुनी आहे अजून एक. आणि तुमचा नमुना आता सगळ्यांकडे आहे, दुसरं कुणीही करून देईल."

तेही खरं होतं. मी नुसते हात वर केले असते तर माझं मन स्वच्छ राहिलं असतं आणि काजळ्याची जीभ जांभळीच.

दोन दिवस मी धुसफुसत काढले. गिऱ्हाइकांवर खेकसले. तिसऱ्या दिवशी सकाळी ठकी चहा घेत होती तेव्हा तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"चाचणीच्या दिवशी मी तपासनिसाकडे जाणार आहे. पट्टीच्या आत कुठे बघायचं ते त्याला दाखवणार. तुला आधी सांगतेय, म्हणजे पाठीमागून वार केला असं व्हायला नको. तू नाव काढून घे, नाहीतर आतली पट्टी कापून मोकळ्या तोंडाने जा."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तू असं करणार नाहीस."

"करणार."

"माझं सगळं संपेल, आई. सगळं."

"माहीत आहे."

"मग मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"नको बोलूस," मी म्हटलं. "पण मी जाणार."

तिने बॅग भरली आणि मैत्रिणीकडे निघून गेली. मी रडले, खोटं कशाला बोलू. रडत रडत कपबश्या विसळल्या, आणि तरी माझा विचार बदलला नाही. तिला वाटलं असेल, आई बोलते तेवढं करत नाही. लहानपणी मी फटके देईन म्हणायचे आणि कधी दिले नाहीत, त्याचाच हा परिणाम.

चाचणीच्या दिवशी मी फाटकाशी पोचले तेव्हा पहिला घोडा अजून आत गेला नव्हता. तपासनीस वयस्क गृहस्थ, डोक्यावर टोपी, गळ्यात दोरीला अडकवलेली ती पाचर. मी काजळ्याची पट्टी त्यांच्या हातात ठेवली.

"बाई, तपासणी फेरीनंतर असते," ते म्हणाले.

"फेरीनंतर टॉवेल असतो."

"म्हणजे?"

"घोडा बाहेर आला की मोतद्दार तोंडाचा फेस पुसतो की नाही? टॉवेलखाली हात घालून तो आतली पट्टी ओढतो. एक हिसका, की सुटली. मग तुमची पाचर सरकते. गादीत बोट घाला. अजून आत. लागली?"

त्यांना तीन भोकं लागली. चेहरा लाल होत गेला. इतकी वर्षं आपल्याला उल्लू बनवलं गेलं हे माणसाला कळतं तेव्हा तो आधी स्वतःवर चिडतो. मला ते नवीन नव्हतं. त्यांनी आणखी दोघा अधिकाऱ्यांना बोलावलं. पाच मिनिटं कुजबूज झाली आणि हुकूम निघाला: प्रत्येक घोड्याची पट्टी आत जाण्याआधी, गादी उघडून बघायची.

"हे काम कुणाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"माझं. अशा चौदा आहेत. इथे मला आज नऊ दिसतायत."

"कुठल्या कुठल्या?"

"पाच नंबरपासून सुरू करा," मी म्हटलं. "ती माझी मुलगी आहे."

सर धावत आले. "अहो, ह्या बाईंचं डोकं फिरलंय! घरचं भांडण आहे हे!" तपासनिसांनी नुसता हात वर केला. ठकी काजळ्यावर ताठ बसली होती, काळा कोट, पांढरे हातमोजे. तिने माझ्याकडे बघितलं. तसं मुलीने आईकडे बघू नये, आणि मी नजर खाली घेतली नाही. मग ती उतरली. तपासनीस पुढे येण्याआधी तिनेच वरचं बकल काढलं, गादीत बोट घातलं आणि आतली पट्टी ओढली. नाकपट्टी खाली पडली.

काजळ्या क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्याने तोंड उघडलं. जांभई दिली. जबडा इकडून तिकडे फिरवला, डोळे पांढरे केले आणि पुन्हा जांभई. मग पुन्हा. तो थांबतच नव्हता.

"हा काय करतोय?" ठकीने मोतद्दाराला विचारलं.

तो खाली बघत म्हणाला, "जांभया देतोय, ताई. रोजच देतो, पट्टी काढली की. बराच वेळ देतो."

"मी कधी बघितलं नाही."

"तुम्ही तोवर गेलेल्या असता."

त्या दिवशी नऊच्या नऊ घोडे बाहेर काढले. ठकीवर एका वर्षाची बंदी आली. सरांवर दोन महिन्यांची. त्यांचा तबेला अजून भरलेला असतो. माझ्याकडचे बहुतेक तबेलेवाले दुसरीकडे गेले; काही जण रस्त्यात दिसले तर मान फिरवतात. फिरवू देत, मान तरी मोकळी आहे त्यांची. पण ठकी घरी आली नाही. एकोणीस दिवस मी दारात पाऊल वाजलं की सुई हातात धरून थांबायचे.

विसाव्या दिवशी दुपारी ती दारात उभी राहिली. बुटांना धूळ, केस विसकटलेले.

"काजळ्याला तिथून हलवला," ती म्हणाली. "गावाबाहेरच्या मैदानावर ठेवलाय."

"बरं."

"नाकपट्टीशिवाय बसतेय. तोंड उघडतो, जीभ बाहेर काढतो, मान वर करतो. भयंकर दिसतं."

"दिसू दे."

"तो नाही गं, मी." तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "माझे हात ऐकत नाहीत. बारा वर्षांची सवय आहे. मी ओढते आणि मला कळतसुद्धा नाही. तू कुंपणाशी उभी राहशील? मी ओढलं की ओरड."

"ओरडायला मला आमंत्रण लागतं होय?" मी म्हटलं, आणि सुई चामड्यात तशीच सोडून उठले.

पाऊण तासात मी एकतीस वेळा ओरडले. नेमका आकडा माहीत आहे, कारण प्रत्येक वेळी ठकी वाकून "सॉरी" म्हणत होती, आणि ती मला म्हणत नव्हती.