खाप्याची दुकानदारीण

स्वानंद कोराडीहून बसने मैत्रिणीकडे, गार्गीकडे, आला आणि चहापाणी न घेता थेट लॅपटॉपसमोर बसला. वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेला हा गडी नव्या गेमचे डेमो, जुन्या गेमचे रीमेक असं सगळं खेळून त्यावर व्हिडिओ करायचा. त्याचा एकच नेम होता. गेम पहिल्यांदाच उघडायचा, खेळताना मनात येईल ते बोलायचं आणि नंतर त्यातलं अक्षरही कापायचं नाही. भल्याभल्या रीमेकची त्याने अशी चामडी सोलली होती, की नागपुरातली पोरं त्याचा व्हिडिओ आल्याशिवाय काही डाउनलोड करत नसत.

आज पाळी गार्गीच्या मॉडची, म्हणजे तिने बदलून घेतलेल्या गेमची, होती. शेतीचा एक विलायती गेम होता, त्यातलं गाव काढून गार्गीने तिथे आपल्या आईचं माहेर, खापा, बसवलं होतं. कन्हान नदी आली, आठवडी बाजार आला, विलायती गाईंच्या जागी गावठी गाई आल्या. बाजारात बियाण्याचं दुकान होतं आणि दुकानदारणीला आवाज दिला होता तिच्या आईने, म्हणजे मधुवंतीने. स्वानंदला यातलं काहीच माहीत नव्हतं. ओळखीपाळखीने मत बिघडतं, म्हणून आधी कुणी काही सांगायचं नाही, हीसुद्धा त्याचीच अट.

मधुवंती स्वयंपाकघरात पोह्यांवर तर्री घालत होती आणि तिचे कान बाहेर लागले होते. या वयात छातीत एवढं धडधडतं हे तिचं तिलाच नवल वाटत होतं. लग्नाआधी ती बोलण्यात अख्ख्या गल्लीला पुरून उरायची. सासरी आल्यावर मात्र ती छापील बोलायला लागली आणि तशीच बोलत राहिली. माहेरची बोली उरली ती गच्चीवर जाऊन भावाला फोन करण्यापुरती. म्हणून गार्गीने विचारलं, तेव्हा तिने आढेवेढे न घेता हो म्हटलं होतं. आपला आवाज आपल्या गावात राहील, एवढंच तिला हवं होतं.

बाहेर स्वानंद खुशीत होता. "नदी भारी जमली. गाय बी अस्सल आहे, हाकललं तरी हालत नाही." गार्गी हसली. सोफ्यावर तिची आजी, सुमतीबाई, पोह्यांची वाट पाहत बसल्या होत्या. खेळातलं काही कळत नसलं तरी त्या मान डोलावत होत्या. मग 'खापा बाजार' अशी पाटी वाचत स्वानंद दुकानाशी पोचला आणि दुकानदारीण बोलली.

"थांब, थांब," तो म्हणाला. "हे बाई खाप्याची नाही. शब्द तिथले आहेत, पन हे तं बातम्या वाचून राहिली. कोण्या शहरातल्या बाईले कागद देऊन वाचाले लावलं का? गार्गी, हिले काढ. ते रितिका आहे ना नाटकातली, तिचा आवाज घे."

तो म्हणत होता ते खरं होतं. शेजारच्या खोलीत सासूबाई जप करत असताना मधुवंतीने गाद्यांच्या आडोशाला, दबक्या आवाजात, एकेक वाक्य नीटनेटकं करून वाचलं होतं. पण त्याचं ते 'शहरातली बाई' मधुवंतीला झोंबलं. हातात पोह्यांच्या बशा घेऊन ती बाहेर आली.

"काहून गा?" ती म्हणाली. "मी खाप्याचीच आहो. तू जलमला बी नव्हता तवा मी त्या घाटावर पोहत होती. अन् मले शिकवतं? खाप्याच्या बाजारात दुकानदारीण अशी लगेच बियाणं काढून देते का कोनाले? पयले इचारन ना, कोनाचा व्हय तू, कोन्या गावचा, पानी पेतं का. मंग भावाचं बोलन. तू आला, उभा राह्यला अन् माल घेऊन निघाला, हे तुले खटकलं नाही, अन् माहा आवाज खटकला?"

स्वानंदचा कॅमेरा चालूच होता.

"काकू," तो म्हणाला, "हे मी कापत नसतो, तुमाले माहीत आहे."

"नको कापू."

"मंग दुकानात बी असंच बोला ना. रितिकाले सोडा."

गार्गी माइक आणायला आत पळाली. मधुवंतीने सासूबाईंच्या हातात बशी दिली, आणि आपण काय करून बसलो ते तेव्हा तिच्या लक्षात आलं.

सुमतीबाई तिच्याकडे बघत होत्या. "एवढं छान बोलतेस," त्या म्हणाल्या, "मग घरात कधी गं नाही बोललीस?"

"लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत, पाहुण्यांसमोर, तुम्ही मला म्हणाला होतात," मधुवंती म्हणाली, "आपल्याकडे असं बोलत नाहीत."

"मी?" सुमतीबाईंनी आठवून पाहिलं. अगदी मनापासून पाहिलं. "मी कशाला असं म्हणेन?"

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. एका वाक्यापायी मधुवंतीने निम्मं आयुष्य तोंड सांभाळलं होतं, आणि ज्या बाईने ते उच्चारलं तिच्या ते गावीही नव्हतं. मधुवंतीला आधी संताप आला, मग रडू आलं. दोन्ही तिने गिळलं. गार्गीने माइक टेबलावर ठेवला, तार जोडली आणि तयार, अशी मान हलवली. सुमतीबाई अजून आठवतच होत्या, आठवता आठवता पोहे खात होत्या.

मधुवंती माइकसमोर बसली.

"असू द्या, आई," ती म्हणाली. "पन चमचा ठेवा खाली. आवाज येऊन राहिला त्याचा."

सुमतीबाईंनी चमचा खाली ठेवला.