खांबाखालचं नाणं

"ताताय, माझ्या गळ्यातलं हे नाणं तुम्ही कुणाच्या घराच्या खांबाखालून काढलंत?"

पैज वर्गातल्या जोनालिनने लावली होती. वर्गप्रमुख झाल्यापासून सगळ्या शाळेपुढे भाषणं ठोकतेस, पण घरी बापापुढे तुझं मांजर होतं, एवढं विचारून दाखव, असं ती सगळ्या मुलींसमोर म्हणाली होती. मग काय, रोवेनाने रविवारी भर जेवणातच विचारलं.

तिचे ताताय, म्हणजे वडील, देल्फिन, तळलेली सुकी मासळी व्हिनेगरात बुडवत होते. हात तिथेच थांबला. शहरातल्या दुकानातून घेतलंय, वाढदिवसाची भेट कुठून आणली हे विचारायचं नसतं, असं ते म्हणाले. रोवेनाने आईकडे पाहिलं. आई भाताच्या पातेल्याच्या तळाशी काहीतरी हरवल्यासारखी बघत होती. रोवेनाला उत्तर मिळालं आणि तिच्या कानशिलांत आग पेटली.

देल्फिनचं काम सगळ्या गावाला ठाऊक होतं. दुसऱ्या महायुद्धात पळता पळता जपान्यांनी इथल्या घरांखाली सोनं पुरलं, यावर त्या मुलखात देवाइतकाच विश्वास. धातू हुडकणारं यंत्र घेऊन ते खांबांवर उभ्या जुन्या लाकडी घरांखाली वाकून फिरत. निघेल ते घरमालकाशी अर्धं अर्धं, असा बोलीचा करार. म्हातारी माणसं यंत्राला बिचकतात, म्हणून ते रोवेनाला शाळेच्या गणवेशात सोबत नेत. खाली यंत्र कुईकुई करी आणि वर घरात ही म्हाताऱ्यांशी गप्पा मारी. बाप आपल्याला कामात घेतो, याचा तिला केवढा तोरा होता.

लोलो तेबानकडेही, म्हणजे तेबान आजोबांकडे, असंच झालं होतं. एकट्या राहणाऱ्या त्या म्हाताऱ्याने तिला आल्याचा काढा दिला आणि घराची गोष्ट सांगितली. घर उभारताना त्याच्या बापाने प्रत्येक खांबाखाली चांदीचं नाणं ठेवलं होतं. नाण्यावर हातोडा घेतलेली बाई, मागे धुमसणारा डोंगर. ती खाली आहे तोवर वादळाची काय बिशाद, असं म्हणत त्याने जमिनीवर टाच आपटून दाखवली होती. संध्याकाळी देल्फिन हात झटकत वर आले. गंजका खिळा निघाला, लोलो, म्हणाले. म्हातारा खो खो हसला आणि वर केळ्यांचा घड दिला.

ती गोष्ट रोवेनाने वर्गात रंगवून रंगवून सांगितली होती. मग वाढदिवसाला तीच हातोडेवाली बाई गळ्यात घालून ती शाळेत मिरवली. हे त्याच खांबाखालचं असणार, हे जोनालिनने सांगितलं, तेव्हा कुठे हिला दिसलं.

"लोलो तेबानच्या खांबाखालचं आहे ना?" तिने पुन्हा विचारलं.

देल्फिननी ताट सरकवलं. हो, काढलं, म्हणाले. दिवसभर चिखलात लोळायचं आणि हात हलवत यायचं का? एका नाण्याने घर पडलं का त्याचं? उभंच आहे की. शिवाय तुझ्यासाठीच आणलं.

शेवटच्या वाक्याने तर तिचं डोकंच फिरलं. ती ताडकन उठली, दारामागचं यंत्र उचललं आणि जिना उतरून आपल्याच घराखाली शिरली. कोंबड्या फडफडल्या. कोपऱ्यातल्या खांबाशी यंत्र किंचाळलं. तिने पहार घेतली आणि माती उकरायला लागली.

देल्फिन अनवाणी धावत आले. त्यांनी तिचं मनगट धरलं.

"त्या नाण्याला हात लावू नकोस! आपल्या घराचा आधार आहे ते."

"म्हणजे तुमचाही विश्वास आहे," रोवेना म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही मानत नाही म्हणून काढलंत. तुम्ही मानता, आणि तरी त्या म्हाताऱ्याच्या घराखालून काढलंत. आपला तो बाब्या, नाही का? आणि मी वर बसून त्याचा काढा पीत होते."

देल्फिननी मनगट सोडलं. जिन्यावरून आई हळूच म्हणाली, पोरी, आवाज खाली कर, शेजारी ऐकतील. रात्री कुणी पाहत नसताना ताताय ते परत पुरून येतील.

"गुपचूप नाही," रोवेना म्हणाली. तिने पहार खांबाला टेकवली आणि दोघांकडे तोंड करून उभी राहिली. शेजारणीची खिडकी उघडली होती. उघडू दे.

"ताताय, नानाय, नीट ऐका. मी आत्ता लोलो तेबानकडे चालले आहे. नाणं त्यांच्या हातात देणार आणि कुणी काढलं ते नाव घेऊन सांगणार. मी वर कशाला बसले होते, तेही सांगणार. त्यांनी पोलिसांत जायचं म्हटलं, तर त्यांचा हात धरून चौकीपर्यंत मीच नेणार."