मागे राहिलेले देठ

सकाळचे नऊ वाजले होते आणि सायकलच्या दुकानावरच्या सभागृहात जाणाऱ्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येक पायरीवर दोघं-दोघं बसलेली आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक कुंडी. कुंडीत वीतभर उंचीचं झाड. काहींवर पांढरं फडकं झाकलेलं, काही उघडी. लहान मुलाला दवाखान्यात न्यावं तशी माणसं ती झाडं छातीशी धरून बसली होती.

आत, व्यासपीठावर, पालवीबाबा. हिरवा झगा, छातीपर्यंत दाढी, समोर माइक. मागच्या भिंतीवर खिळ्याला जाड पानांचं एक जेडचं झाड उलटं टांगलेलं, मुळं उघडी, मातीचा कणही नाही.

"चाळीस दिवस!" बाबा ओरडले. "माती नाही, पाणी नाही! कशावर जगतंय हे?"

"तुमच्या श्वासावर!" सभागृह एका सुरात म्हणालं.

एका बाईंनी कुंडीवरचं फडकं काढलं. तीन आठवड्यांपूर्वी हे झाड पार बोडकं होतं म्हणे. आता प्रत्येक फांदीच्या टोकाला कोवळी, तकतकीत पानं फुटली होती.

"पान गळलं, दुखणं पळालं! पालवी फुटली, पीडा सुटली!" बाबांनी ताल धरला. "गुडघा कसा आहे, माउली?"

"हलका वाटतोय," बाई म्हणाल्या आणि लंगडत खाली उतरल्या. टाळ्यांच्या कडकडाटात ते लंगडणं कोणाच्या ध्यानात आलं नाही.

माझ्या शेजारी माझा दादा बसला होता. व्यवसायाने शिंपी, स्वभावाने चिकित्सक, गिऱ्हाइकाच्या खांद्यातला अर्ध्या सुताचा फरक ओळखणारा. तोही टाळ्या वाजवत होता.

दादाला तरुणपणापासून फिट यायच्या. बावीस वर्षं तो रोज गोळी घेत होता आणि गेली बारा वर्षं त्याला एकही फिट आली नव्हती. गोळीमुळेच आली नव्हती, हे त्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं, मी सांगितलं होतं, वहिनीनेही सांगितलं होतं. तरी आज तो झाड घेऊन इथे आला होता आणि मला आग्रहाने सोबत आणलं होतं. "तू झाडांतली माणूस. तूच बघ आणि सांग," म्हणाला होता.

त्याचा नंबर आला. बाबांनी त्याला त्याने आणलेल्या फायकसच्या दाट झाडावर तीनदा फुंकर घालायला लावली. मग टाचणीने खोडाला टोचलं. पांढरा चीक टपकला.

"बघा! रोगाचं विष बाहेर यायला लागलं!"

फायकस वड-पिंपळाच्या कुळातलं; त्याला कुठेही टोचा, चीक येतोच. झाड आतल्या 'शांतिकक्षात' गेलं. दोन तासांनी बाहेर आलं ते निष्पर्ण होऊन. पानं कुंडीखालच्या ताटलीत पडलेली.

"तुझा आजार झाडाने ओढून घेतला, बाळा. आता एकवीस दिवस घरी झाकून ठेव. आणि एक लक्षात ठेव, झाड काम करत असताना मध्ये गोळी आणायची नाही."

दादाने झाड माझ्याकडे दिलं. मी फांदी डोळ्यांजवळ नेली. जिथे जिथे पान होतं, तिथे तिथे अर्ध्या बोटाएवढा हिरवा देठ शिल्लक होता.

झाड स्वतः पान टाकतं तेव्हा देठासकट टाकतं. फांदीवर फक्त व्रण उरतो. देठ मागे राहतो तो कात्रीने पान कापल्यावर. बोन्साय करणारे आम्ही मुद्दाम तसंच कापतो, म्हणजे देठाच्या बगलेतला डोळा, म्हणजे नवा कोंब, दुखावत नाही आणि तिथून लहान आकाराची नवी पानं येतात.

मी मान वर करून बाबांकडे नीट पाहिलं. मनातल्या मनात दाढी बाजूला केली, झगा बाजूला केला, आणि राहिला तो माझाच विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी माझ्या रोपवाटिकेतल्या रविवारच्या वर्गाला सहा आठवडे आला होता. प्लास्टिकची फुलं विकायचा. पहिल्या बाकावर बसायचा. एकदाच प्रश्न विचारला होता त्याने: "बाई, कोणत्या झाडाची सगळी पानं काढली तरी ते हमखास परत फुटतं?"

"फायकस," मी म्हणाले होते. "झाड निरोगी हवं, ऊब आणि उजेड हवा. तीन आठवड्यांत पालवी येते."

हुशार विद्यार्थी म्हणून मी त्याचं कौतुकही केलं होतं.

घरी जाताना मी दादाला म्हटलं, "ही पानं गळलेली नाहीत. कापलीयत."

"तुला सगळीकडे कात्रीच दिसते, छोटे."

"हे देठ बघ ना!"

"बघितले. कापली असतील तर कापली असतील, पण पालवी तर खरी येते ना? ती कोण चिकटवतं?" मग तो हळू आवाजात म्हणाला, "तुला नाही कळायचं. रोज सकाळी गोळी हातावर घेतली की मला आठवतं, मी अर्धाच माणूस आहे. एकदा तरी ती न घेता उठायचंय मला."

याच क्षणी मी सांगायला हवं होतं की तो बाबा माझा विद्यार्थी आहे आणि ही युक्ती त्याला मीच शिकवली. पण जीभ रेटेना. "निदान गोळ्या चालू ठेव," एवढंच म्हणाले.

"बरं बाई, दोन्ही करतो."

तो खोटं बोलतोय हे मला त्याच्या आवाजावरून कळलं. आणि मी विश्वास ठेवला, कारण ते सोयीचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गल्लीतल्या डॉक्टरबाईंना रोपवाटिकेत बोलावलं आणि दादाचं, बाबांचं सगळं सांगितलं. सारख्या वयाची, निरोगी अशी पाच फायकसची झाडं मांडली. त्यांच्यासमोर एकेक पान कापलं आणि प्रत्येक कुंडीवर चिठ्ठी चिकटवली: खुर्ची, पंखा, कुलूप, बादली. पाचवीवर लिहिलं, 'कोणीच नाही'. डॉक्टरबाईंनी प्रत्येक चिठ्ठीवर सही केली, तारीख घातली. चारही वस्तू एकेका झाडाशेजारी ठेवून मी म्हटलं, "आता तीन आठवड्यांत या सगळ्यांचे आजार बरे होणार."

त्या हसल्या नाहीत. "गेल्या दोन महिन्यांत माझ्याकडचे चार पेशंट औषध सोडून तिकडे गेले. एकाची साखर कुठच्या कुठे पोचलीय. तुमचा पुरावा चांगला आहे. पण मला पुराव्याआधी तुमचा भाऊ माझ्या दवाखान्यात हवा, आज."

"तो ऐकणार नाही. हातात काहीतरी असल्याशिवाय नाही ऐकणार."

"त्याला सगळं सांगितलंत?"

"हो," मी म्हणाले. आता मीही खोटं बोलले.

सोळाव्या दिवशी पाचही झाडांवर डोळे फुगून टोकं उघडली होती. पंख्याचं झाड सगळ्यात पुढे होतं. मी भिंग लावून बघत बसले होते आणि तेवढ्यात वहिनीचा फोन आला. ती काय बोलली ते मला धड कळलं नाही. एवढंच कळलं की दादा दुकानात शर्टाला इस्त्री करत उभा होता आणि उभ्या उभ्या कोसळला. इस्त्री त्याच्यासोबत खाली आली, आणि उजवा हात तिच्याखाली सापडला.

रुग्णालयाच्या लांबलचक व्हरांड्यात वहिनी बाकावर बसली होती. तिच्या मांडीवर बटणांचा पत्र्याचा डबा होता. दुकान बंद करताना तिला तो सापडला होता. तिने झाकण उघडून मला दाखवलं. बटणांत मिसळून गेलेल्या पांढऱ्या गोळ्या. लांबून त्याही बटणांसारख्याच दिसत होत्या.

"रोज माझ्यासमोर पाणी पीत होते," ती म्हणाली. "मला वाटायचं, गोळी घेतली."

दोन दिवसांनी दादा नीट बोलायला लागला. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्ट्या. मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. वर्ग, पहिला बाक, तो प्रश्न, माझं उत्तर, माझं कौतुक. तो छताकडे बघत ऐकत राहिला.

"हे त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

छताकडचे डोळे त्याने माझ्याकडे वळवले. मग म्हणाला, "मलाही दुसरं काही झालं नव्हतं गं. मलाही लाजच वाटत होती. त्या गोळीची."

आम्ही दोघंही रडलो. डॉक्टरांनी मला बाहेर जायला सांगितलं.

एकविसावा दिवस उलटला तेव्हा पाचही झाडं हिरवीगार झाली होती. मी ती हातगाडीवर ठेवून सभागृहाशी नेली आणि जिन्याने वर चढवली. सोबत डॉक्टरबाई होत्या, आणि नको नको म्हणत असतानाही दादा आला होता, गळ्यात हात अडकवून.

मी व्यासपीठाची पायरी चढले आणि एक गंमत झाली. सहा आठवड्यांची सवय अंगात मुरलेली असावी. पालवीबाबा ताडकन उभे राहिले आणि माइकमध्येच म्हणाले, "बाई, तुम्ही?"

सभागृहात कुजबुज पसरली. मी माइक घेतला.

"हो, मी बाईच. रविवारी बोन्साय शिकवते. हे बाबा माझे विद्यार्थी होते. आणि ही पाच झाडं. यांची पानं बावीस दिवसांपूर्वी मी कापली, डॉक्टरबाईंच्या सह्या आहेत. हे झाड खुर्चीचं. हे पंख्याचं. हे बादलीचं. बाबा, खुर्चीला कोणता आजार होता हो?"

कोणीतरी मागून फिसकन हसलं. बाबा सावरले.

"अश्रद्धेचं झाडही फुटतं, पण फळत नाही! भक्तांनो, ही परीक्षा आहे तुमची..."

"आज शांतिकक्षातून आलेल्या झाडांच्या फांद्या बघा," मी लोकांना म्हटलं. "पान गळलेलं असेल तर देठ राहणार नाही. देठ राहिलेत का, ते फक्त बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्या डोळ्यांवर ठेवा."

माना खाली झुकल्या. मग पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठले, काही न बोलता शांतिकक्षाचं दार ढकलून आत गेले आणि बाहेर आले ते एका हातात बारीक टोकाची कात्री आणि दुसऱ्या हातात पानांनी भरलेली पिशवी घेऊन. पिशवीतल्या एकाही पानाला देठ नव्हता.

"आणि ते टांगलेलं?" एकाने भिंतीकडे बोट दाखवलं.

"जेड. त्याच्या खोडात आणि जाड पानांत पाणी साठवलेलं असतं. आम्ही तर कापलेली फांदी लावण्याआधी मुद्दाम काही दिवस कोरडी ठेवतो, नाहीतर सडते. हे झाड आपल्याच साठ्यावर जगतंय. एक पान दाबून बघा, किती सुरकुतलंय ते."

तेवढ्यात एक बाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांच्या कुंडीतलं झाड काळंठिक्कर वाळलेलं होतं.

"माझं नाही फुटलं," त्या म्हणाल्या. "मुलीच्या दम्यासाठी आणलं होतं. बाबा म्हणाले, आईच्या मनात शंका होती म्हणून झाड मेलं. महिनाभर मुलीला धाप लागली की मी स्वतःलाच दोष देतेय."

मी नखाने सालीवर ओरखडा काढला. आत हिरवं काहीच नव्हतं. "झाड आधीच अशक्त होतं. त्यात पानं गेली आणि वर बाबांच्या सांगण्यावरून ते फडक्याखाली अंधारात राहिलं. तुमच्या मनाचा यात काहीही संबंध नाही."

"म्हणजे माझा दोष नव्हता?"

"नव्हता."

त्या तिथेच खाली बसल्या आणि ओक्साबोक्शी रडायला लागल्या. डॉक्टरबाई त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि पहिला प्रश्न विचारला, "मुलीचा दम्याचा पंप घरात आहे ना?"

या गडबडीत दादा बाबांपुढे जाऊन उभा राहिला. पट्ट्या बांधलेला हात त्याने पुढे केला. "यानेच मी शिवायचो," एवढंच म्हणाला. बाबांनी त्या हाताकडे पाहिलं नाही. त्यांनी मागच्या जिन्याकडे पाहिलं, आणि थोड्या वेळाने तिथे फक्त हिरवा झगा उरला होता.

तक्रार झाली, पण तो सापडला नाही. दुसऱ्या कुठल्या गावात, दुसऱ्या रंगाच्या झग्यात तो आजही टाळ्या घेत असेल. सभागृहातल्या सगळ्यांचे डोळे उघडले असंही नाही. एका आजोबांनी मला रस्त्यात गाठून सुनावलं, "आमचं बरं चाललं होतं, तुम्ही कशाला मध्ये आलात?" माझ्याकडे त्यांना द्यायला झाडाचा पुरावाच होता, दिलासा नव्हता, आणि ते मला अजून बोचतं.

दादाची दोन बोटं आता वाकत नाहीत. तो डाव्या हाताने टाके घालायला शिकतोय, वाकडे येतात, उसवतो, पुन्हा घालतो. गोळी वहिनीसमोर, तोंड उघडून दाखवत घेतो, आणि वर तिची चेष्टा करतो.

मी वर्ग बंद करणार होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, "शिकवणं बंद करून काय होणार? ज्याला फसवायचंय तो कुठूनही शिकेल. उलट सगळ्यांना शिकवा." म्हणून आता रोपवाटिकेच्या फाटकापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही, मी पान कापून दाखवते आणि तीन आठवड्यांनी परत या म्हणते.

तुम्हालाही तेच सांगते. आजारपणात आशेला धरून राहणं हा गुन्हा नाही, आपण सगळेच धरतो. पण कोणी तुमच्यासमोर चमत्कार केला आणि त्या बदल्यात औषध सोडायला सांगितलं, तर औषध चालू ठेवून आधी एक साधा प्रश्न विचारा: मी इथे नसतो, तरीही हे असंच घडलं असतं का? आणि उत्तर मिळेपर्यंत मनातली लाज जवळच्या माणसाला बोलून दाखवा. तीन आठवडे थांबू नका.