आबांची सीट

मी एक जुनी निळी मोटार आहे. सध्या माझा मुक्काम जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन शहराच्या बाहेर, भंगाराच्या आवारात आहे. इथे गाड्या चेपायच्या यंत्रापुढे एवढी गर्दी झाली आहे की माझा नंबर कित्येक महिने लागलेला नाही. मित्रांनो, म्हातारपणी मोडून पडणं मी समजू शकते. पण मी चालत होते, अगदी छान चालत होते, आणि तरी मला इथे आणून सोडलं.

माझा जन्म याच देशातल्या एका कारखान्यातला. माझा पहिला मालक पेन्शनर होता. तो मला रविवारी चर्चपर्यंत नेई आणि घरी आणून झाकून ठेवी. त्याच्याकडून मला प्रतापने घेतलं. प्रताप सांगलीचा, इथे यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. मी घरी आले त्या दिवशी त्याची बायको ऊर्मिला हिने मला ओवाळलं आणि माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली. वरच्या मजल्यावरच्या जर्मन बाई खिडकीतून ओरडल्या, "अहो, तुमची लिंबं सांडलीत!" आता त्यांना काय सांगणार? प्रताप ओशाळं हसला आणि त्याने त्यांच्या डोळ्यांदेखत लिंबं चिरडून मला पुढे घेतलं.

तेव्हापासून माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. प्रताप मला कधी मेकॅनिकच्या हाती देत नसे. तासावर भाड्याने मिळणाऱ्या वर्कशॉपमध्ये तो स्वतः माझ्या खाली शिरून तेल बदलायचा, ब्रेक बघायचा. दर दोन वर्षांनी सरकारी नियमाप्रमाणे माझी तपासणी होई. एकदा तर तपासनीस माझ्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "हिला काही होणार नाही." मी कितीतरी दिवस त्याच तोऱ्यात होते.

पण माझा खरा सण मे महिन्यात असे. प्रतापचे वडील दत्तात्रय, म्हणजे आबा, सांगलीहून यायचे आणि त्यांना आणायला आम्ही फ्रँकफर्टच्या विमानतळावर जायचो. आबांचा गुडघा वाकत नसे, म्हणून पुढची सीट पार मागे सरकवावी लागे. मे महिन्यातही त्यांना थंडी वाजे, म्हणून डोक्यावर कानटोपी. जिल्हा परिषदेच्या नोकरीतून आबा निवृत्त झाले होते, राजकारणातून नाही. गाडी हायवेला लागली की त्यांचा प्रश्न ठरलेला.

"काय रे प्रताप, सध्याच्या सरकारात इथल्या सामान्य माणसाचं बरं चाललंय का?"

"हो आबा, बरं चाललंय."

"काय गं क्षमा, तुझे बाबा खरं बोलतायत ना?"

मागे बसलेली नात क्षमा मराठी समजायची, पण उत्तर जर्मनमध्ये द्यायची. "वाइस निश्त, आबा." मला नाही माहीत. मग तिघंही हसत.

खरं उत्तर मला माहीत असे, कारण पेट्रोल माझ्या पोटात पडत असे. सुरुवातीला प्रताप टाकी काठोकाठ भरी. मग पेट्रोल महागलं, घरभाडं वाढलं, पगार मात्र होता तिथेच राहिला. हळूहळू तो पंपाच्या आकड्यांकडे बघत मध्येच हात आवरू लागला. शेवटच्या मेमध्ये आबांच्या ते लक्षात आलं.

"टाकी भरली नाहीस रे?"

"उद्या स्वस्त होईल, आबा."

सांगलीला परत जाताना त्यांनी कानटोपी काढून सीटच्या खाली सारली. म्हणाले, "राहू दे इथेच. पुढच्या मेमध्ये लागेलच."

त्याच वर्षी मंदी आली. आणि २००९ साल उजाडताच सरकारने जाहीर केलं, जुनी गाडी भंगारात द्या, नवी घ्या, अडीच हजार युरो मिळवा. आमच्या गल्लीत रोज एक नवी गाडी चमकू लागली. बघणाऱ्याला वाटावं, लोकांना चांगले दिवस आले!

"अडीच हजार, ऊर्मिला! सोडायचे कशाला?" प्रताप म्हणाला.

"अहो, पण ही चालतेय की. आणि उरलेले कुठून आणणार?"

"हप्ते आहेत ना. सुरुवातीला भरायला आबांच्या तिकिटाचे घेऊ. त्यांना पुढच्या वर्षी नव्या गाडीतूनच आणू."

आबांना त्याने माझ्यात बसूनच फोन लावला. पलीकडून आबा म्हणाले, "बरं, बरं. सरकार गाडीला पैसे देतंय म्हणजे चांगलंच म्हणायचं की. मी काय, पुढच्या वर्षी येईन." मला हॉर्न वाजवून ओरडावंसं वाटलं. पण आम्हाला स्वतःचा आवाज नसतो.

मला इथे सोडून गेल्यानंतर प्रताप थेट परवा दिसला. क्षमाला घेऊन ट्रामने आणि पुढे चालत आला होता. आवाराच्या माणसाला म्हणाला, "कंपनीत काम कमी झालंय, पगारही कमी झालाय. नव्या गाडीचे हप्ते भरून पेट्रोलला काही उरत नाही, ती दारातच उभी असते. माझे वडील गेले. त्यांची टोपी या गाडीत राहिली आहे." तो माणूस बाजूला झाला.

माझा रेडिओ काढताना कुणीतरी पुढची सीट पुढे ढकलली होती. प्रतापने खाली हात घालून कानटोपी काढली आणि तो स्टिअरिंगपाशी येऊन बसला. मग रिकाम्या सीटकडे बघून म्हणाला, "नाही आबा. बरं नाही चाललंय."

क्षमाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, रडू नका ना," ती म्हणाली. मराठीत म्हणाली. ते ऐकायला आबा हवे होते.

निघताना प्रतापने आबांची सीट पार मागे सरकवली.

मित्रांनो, माणसांचं बरं चाललंय का हे बघायचं असेल तर दारातल्या नव्या गाड्या मोजू नका. त्या घरी कुणाचं येणं राहून गेलं, ते विचारा. आणि जे चालतंय, मग ती गाडी असो की म्हातारा बाप, त्याला पुढच्या वर्षावर टाकू नका.

आता मला लवकरच चेपायला नेतील. न्या. फक्त तोवर कुणी ही सीट पुढे ओढू नका. आबांचा गुडघा वाकत नाही.