समुपदेशनाच्या दाराबाहेरचा बाक

मित्रांनो, मी बाभळीचा एक जुना बाक आहे. चिडका आहे, हे आधीच सांगून टाकतो. शिरूर कासारकडच्या एका गावात सहकारी दूध संस्था होती. तिच्यासाठी मकसूद मिस्त्रीनं मला रंधा मारून घडवलं. सकाळ-संध्याकाळ माझ्यावर दुधाचे कॅन चढायचे. चेअरमनपासून गुराख्यापर्यंत सगळे म्हणायचे, "बाक लई दणकट हाय." मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग दुष्काळ आला आणि मुक्कामालाच राहिला. चारा संपला, गुरं छावणीला गेली, दूध आटलं, संस्थेला कुलूप लागलं. मी ओसरीत पडून राहिलो. येणारा-जाणारा माझ्याखाली गुटख्याची पिचकारी मारायचा. शी! पण मोठ्या माणसांची खरी किळस मला त्यानंतर आली.

संस्थेची रिकामी खोली दर गुरुवारी गौसिया मॅडमना मिळायला लागली. त्या मुलांच्या समुपदेशक. लेकराच्या मनात काही अडकलं असेल तर त्याच्याशी बोलायचं, त्याचं ऐकून घ्यायचं, हे त्यांचं काम. आईबापांनी वाट बघत बसावं म्हणून मला दाराबाहेर ठेवलं. आत काय बोलणं होतं ते मी सांगणार नाही. ते त्या लेकराचं असतं. बाहेर काय चालतं ते मात्र सांगणारच.

एका गुरुवारी धर्मराज आणि भामाबाई त्यांच्या संजीवनीला घेऊन आले. नऊ-दहा वर्षांची पोर. उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ चुलीवरच्या आधणानं भाजला. तो बरा झाला, पण संजीनं त्या दिवसापासून तोंड उघडलं नव्हतं. घरात नाही, शाळेत नाही. दसरा झाला की सगळे ऊसतोडीला निघणार. पोर अशीच मुकी राहिली तर परमुलखात, उसाच्या फडात तिचं कसं व्हायचं?

आता तिला आणलं कसं, ते ऐका. "बाजारात बांगड्या घ्यायच्यात," असं सांगून! वर सोबत कोण, तर ऊसतोडीला मजुरांची टोळी नेणारा बंकट मुकादम! टोळी ठरवायची तर मुकादम, कारखान्यावर भांडण मिटवायचं तर मुकादम. मग लेकराच्या मनातला गुंताही मुकादमच सोडवणार, असं त्या दोघांना वाटलं असावं.

मॅडम दारात आल्या तर बंकटच पुढं झाला. "बाई, टोळी निघायच्या आत पोरगी बोलती करून टाका. गोळी-बिळी, सुई-बिई, काय आसल ते द्या. खाडा व्हायला नको."

सुईचं नाव ऐकून पोरीनं मला घट्ट धरलं. माझ्या मनात आलं, एखादा खिळा वर काढावा आणि ह्या मुकादमाला बसायला सांगावं. जाऊ द्या, लहान मुलं वाचताहेत.

मॅडमनी त्याला नमस्कार करून वाटेला लावलं. मग आईबापांना म्हणाल्या, "इथं सुई नसते, हे तिला आधी सांगा. कुठं आणलंय, कशासाठी, ते खरं सांगा. एका दिवसात काही होत नाही, दर गुरुवारी यावं लागेल. आणि ती बाहेर आली की काय बोललीस म्हणून विचारू नका. तिला वाटलं तर ती सांगेल."

दोघांनी माना डोलावल्या. पण संजी बाहेर आली न आली तोच सुरू! "काय इचारलं? आमचं नाव घेतलंस का? बोल की!" धर्मराजनं तिला खांदा धरून हलवलं. भामाबाई म्हणाली, "लोक म्हणत्यात, पोरगी येडी हाय. मला तोंड दाखवायला जागा न्हाई." तेही पोरीच्या तोंडावर! गुटखा धुता तरी येतो हो, हे कशानं धुवायचं?

पुढच्या गुरुवारी कुणी आलं नाही. दसरा झाला, टोळ्यांचे ट्रक लागायला लागले. मला वाटलं, संपलं सगळं.

आणि एका गुरुवारी भामाबाई एकटीच लेकीला घेऊन आली. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ही मागं राहिली आणि धर्मराज एकटाच गेला, म्हणून अख्ख्या गावानं तिला नावं ठेवली होती. ती माझ्यावर टेकली आणि म्हणाली, "संजे, बांगड्याचं म्या खोटं बोलले. बाई तुझं ऐकून घेत्यात. तू जा, मी हितंच बसते."

ती बसली. दाराला कान लावला नाही. असे कितीतरी गुरुवार गेले.

मग एकदा संजी बाहेर येऊन आईशेजारी बसली. भामाबाईचे ओठ हलले, पण तिनं विचारलं नाही. पोरच बोलली. आवाज अगदी बसलेला.

"आई, बाळ्या भाजला तवा तू म्हणलीस, कुठं मेली व्हतीस. मी टँकरवर गेलते. तूच घागर देऊन धाडलं व्हतंस."

भामाबाईला आपण असं म्हटल्याचं आठवतही नव्हतं. "म्या कवा म्हणले?" असं तिला म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "व्हय गं बाई. म्याच धाडलं व्हतं." आणि लेकीला पोटाशी धरून रडायला लागली.

मित्रांनो, हे घरी मोठ्यानं वाचून दाखवा. लेकराला समुपदेशनाला न्यायचं तर खरं सांगून न्या. त्याच्या वतीनं बोलू नका, दुसऱ्या कुणाला बोलायला लावू नका. ते आत गेलं की बाहेर गप्प बसा, आणि ते बोलेल तेव्हा ऐका. ज्याला एवढं जमत नसेल, त्यानं माझ्यावर बसू नये.