बरणीतला भाऊ

डोंगरकडा गावचा मुंजाजी मेला.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मुंजाजी धडधाकट होता. फक्त बांधावर टेकला असताना त्याच्या डोक्यावर कावळा बसला, आणि डोक्यावर कावळा बसला म्हणजे मरण ठरलेलं. त्याला तोड एकच. लांबच्या सोयऱ्याला मेल्याचा खोटा सांगावा धाडायचा. तो खरंखुरं रडला की मरण फसतं. मग दुसरा सांगावा: जिता आहे, डोळे पुसा.

रडायला बहिणीसारखं माणूस नाही. म्हणून चुलतभाऊ ग्यानबा सकाळीच हट्टा गावी भागूबाईकडे गेला. तिनं असा हंबरडा फोडला की ग्यानबालाही क्षणभर खरंच वाटलं. दिवस मावळताना तो पुन्हा तिच्या दारात गेला.

"बाई, दादा जिता हाय."

"कोन दादा?" भागूबाई तांदूळ निवडत म्हणाली.

"लई गुण आला," ग्यानबानं परतल्यावर सांगितलं. "डोळ्यात टिपूस न्हाई."

दुसऱ्या दिवशी मुंजाजी बहिणीला लुगडं घेऊन निघाला. रडवलं तर लुगडं द्यावंच लागतं. त्याला बघताच भागूबाईनं डोक्यावर पदर घेतला. भावासमोर पदर!

"भागे, मस्करी पुरं. म्या मुंजाजी."

"आमाला भाऊ न्हाई बाप्पा. घर चुकले काय तुमी?"

त्यानं कपाळावरची खोक दाखवली. लहानपणी बोरांच्या भांडणात तिनंच दगड हाणला होता.

"आई गं!" ती कळवळली. "कोन्या भवानीनं मारलं?"

"तूच."

तिनं पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि दार लोटलं. परक्याचं लुगडं कोण घेतं?

शेजारच्या सखुबाईनं उलगडा केला. "काल साळंत दुःख काढायचा क्यांप होता न. नसबंदीचाच वाटून गडी पळाले जवारीत. रडनारी भागीच घावली. डोक्यावर पितळी पातेलं, तारा टॅक्टरच्या बॅटरीला. आली ते गानं म्हनतच."

मुंजाजी शाळेत गेला. तिथं क्यांपाचा कंपाउंडर व्यंकटराव दुःखाच्या बरण्या पुसत होता. "दुःख एकटं निघत नाही हो," तो म्हणाला. "ज्याच्यासाठी असतं तो माणूस मुळासकट येतो."

भागूबाईचं दुःख लोणच्याच्या बरणीत भरलं होतं. मुंजाजीनं कान लावला. आतून लहानग्या भागीचा आवाज आला, "दाद्या, थांब की रं!" हे त्याला स्वतःलाही आठवत नव्हतं.

"परत घाला तिच्या डोस्क्यात."

"काढायचं यंत्र आहे. घालायचं अजून मंजूर नाही."

"मंग मला द्या बरणी."

"नोंद मयत भावाची आहे. बरणी फक्त मयताच्या वारसाला. तुम्ही मयताचे कोण?"

मुंजाजीनं हातातल्या लुगड्याकडे पाहिलं. भागी ज्याच्यामागं धावायची तो बरणीत होता. मग लुगडं घेऊन कोण उभं होतं? मरण फसलं नव्हतं. डोंगरकड्याला घावला नाही, म्हणून मरणानं मुंजाजीला हट्ट्याला गाठलं होतं.

"काहून रडून राहिले?" व्यंकटरावानं पातेल्याकडे बोट दाखवलं. "तुमचंही काढू?"

मुंजाजी दचकून मागं सरला. आता बोरांचं ते भांडण आठवणारं डोकं त्याचंच उरलं होतं.

"अर्ज लिवा," तो म्हणाला. त्यानं सांगितलं, व्यंकटरावानं लिहिलं, खाली अंगठा उठला:

'तरी मेहेरबान साहेबांनी अर्जदाराचे मरण रद्द करावे, बहिणीच्या ठिकाणी भाऊ पूर्ववत बसवून मिळावा, आणि तोवर बरणी उन्हात ठेवू नये, ही नम्र विनंती.'