अंगठ्याएवढी जागा

"मैनाबाई, तो अंगठा माहा होता."

चहा गाळता गाळता मैनाबाई थांबली, मग हसली. "झाली का गा सुरू तुमची गप्प, गुलाबचंदभाऊ?"

तिची चूक नव्हती. हिंगण्याच्या कारखान्यात मी बावीस वर्षं गप्पाच हाणल्या. माझ्या हातचं पातं सूर्यात टाकलं तर सूर्य विझेल, पात्याला काही होणार नाही, असं मी शपथेवर सांगायचो.

पात्यांचं थोडंफार खरं होतं. गॅस टर्बाइनमध्ये ती धगधगत्या झोतात फिरतात. अंगावर लेप नसला, तर धातू पापुद्र्यापापुद्र्यानं जळत जातो. मैनाबाई पात्याचं बूड टेपनं झाकायची, मी लेप फवारायचो. सुताला डाग न लागू देणाऱ्या कोष्ट्यांची लेक ती. साफ केलेल्या पात्याला उघडा हात लावायचा नाही, हा पहिला नियम. बोटाचं तेल लागलं, की तिथं लेप धरत नाही.

त्या दिवशी हातमोजा काढून मी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होतो. पातं घसरलं. उघड्या हातानं झेललं. पुन्हा धुवायला पाठवायचं, तर खर्र्याचं सांगावं लागलं असतं. मी तसंच फवारलं.

भट्टीच्या चाचणीत अंगठ्याएवढा लेप उडाला. ठपका टेप लावणाऱ्या मैनाबाईवर आला.

"माझ्या हातात मोजे होते, साहेब," मैनाबाई सांगत राहिली. जगभराच्या गोष्टी सांगणारं माझं तोंड तेवढं बंद. आठवड्यात तिचा गेटपास काढून घेतला.

त्याला सहा वर्षं झाली. मी कालच रिटायर झालो. आता खरं बोलायला भीती कसली?

"खरं सांगून राहिलो, बाई. खर्रा घोटून राहिलो होतो मी..."

"आन् सूर्य विझला का मंग?"

आतून तिची सून आली. "काय झालं वं आई?"

"अवं प्रणाली, माह्याच मोज्याले भोक असन, पण भाऊ माहं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राहिले! मले बरं वाटावं म्हणून." पदरानं डोळे टिपत ती म्हणाली, "मन मोठं आहे गा तुमचं."

तिनं पाण्याचा पेला पुढे केला. दोन बोटांनी, फक्त काठाला धरून, पातं धरायची तसा. लखलखत्या स्टीलवर कुठे डाग नव्हता.

मी पाणी प्यालो, पेला खाली ठेवला. त्याच्यावर माझा अंगठा उमटला होता.

मैनाबाईनं पेला उचलला आणि न बघताच पदरानं पुसून टाकला.